फोटोत काय न्हाय

आमच्या कोल्हापुरात शरीराच्या आतलं काहीही यंत्रानं बघितलं की त्याला फोटो म्हणतात. एक्स-रे म्हणजे फोटो. सोनोग्राफी म्हणजे पोटाचा फोटो. सीटी स्कॅन म्हणजे गोल फोटो आणि एमआरआय म्हणजे मोठा फोटो. मी अकरा वर्षं राजारामपुरीतल्या एका सेंटरवर एमआरआयचं मशीन चालवते आणि या एका शब्दानं माझं डोकं उठवलंय. फोटो म्हटल्यावर माणसं येतातही तशीच. गुडघ्याच्या स्कॅनला आलेली बाई तोंडाला पावडर लावून, गजरा माळून येते आणि केसांतले आकडे काढायला सांगितले की रुसते. कागलकडच्या एका पाटलांनी मणक्याचा स्कॅन झाल्यावर मला विचारलं होतं, "ताई, एक कॉपी पाकिटात मावंल अशी द्या की."

मी चिडते. तोंडानं फटकळ आहे, ते घरचं वळण आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. येईल त्याला मी दरडावून सांगते, की बाबांनो, एक्स-रे हाडं दाखवतो. मांस, चरबी, स्नायू, शिरा, गाठी, हे सगळं मऊ सामान त्याला जवळजवळ दिसतच नाही. ते बघायचं तर आमच्या मशीनमध्ये या, अर्धा तास गप पडून राहा, आणि त्याला फोटो म्हणू नका.

आणि इतकं पाठ असलेली मी याच शब्दाला फसले, तीही माझ्या आईच्या बाबतीत.

माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडे. तिथून कर्नाटकाची हद्द चालत गाठता येते, म्हणून आम्ही आईला आव्वा म्हणतो आणि वडिलांना आप्पा. आव्वाचं नाव तानाबाई, आप्पांचं कृष्णात. आप्पा गुळव्या आहेत. म्हणजे गुऱ्हाळात काहिलीत उसाचा रस उकळत असतो, तेव्हा पाक झाला का आणि काहील कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. चार मिनिटं लवकर उतरवली तर गूळ पाझरतो, चार मिनिटं उशीर झाला तर करपतो. आप्पा घड्याळ बघत नाहीत. ते गार पाण्यात हात बुडवतात, उकळता पाक पाण्यात सोडतात आणि त्याची गोळी करून चिमटीत फिरवतात. गोळी बोटांत कशी वागते यावर सगळा निकाल. त्या वेळी गुऱ्हाळाचा मालकसुद्धा बाजूला गप उभा असतो. चाळीस वर्षांत आप्पांची एक काहील बिघडलेली मला आठवते, आणि त्या दिवशी त्यांना ताप होता.

गेल्या दिवाळीत फोनवर बोलता बोलता आव्वा म्हणाली, "मांडीला टेंगूळ आलंय बघ. दुखत न्हाय, काय न्हाय."

मी चकल्या तळत होते. म्हणाले, "मग दाखव की डॉक्टरला. फोटो काढून घे."

फोटो. मी म्हणाले, मी! सेंटरवर मी कितीही शुद्ध बोलत असले तरी घरी फोन लावला की तोंडात घरचंच येतं. आठवड्यानं मी विचारलं, "काढलास काय फोटो?"

"काढला. फोटोत काय न्हाय म्हणाले. चरबीची गाठ हाय म्हणं."

"मग बरं," मी म्हणाले.

माझ्या डोक्यात एमआरआय होता, निदान सोनोग्राफी तरी. तिच्या हातात हाडांचा एक्स-रे होता. आम्ही दोघी एकच शब्द बोललो, दोघींना वेगळंच कळलं, आणि दोघींनी समाधानानं फोन ठेवला. त्या 'मग बरं'ची मला आजही लाज वाटते.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेदहाला मी कन्सोलवर होते. आत मशीनमध्ये मानेच्या दुखण्याचे एक गृहस्थ पडलेले होते. फोन आला आप्पांचा. ते दिवसाउजेडी कधी फोन करत नाहीत, सीझनमध्ये तर नाहीच.

"संयोगिता, बोलायला येळ हाय काय?" आवाज दबका होता. गुऱ्हाळाच्या इंजिनावर ओरडून बोलायची सवय असलेला माणूस दबक्या आवाजात बोलला की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"काय झालं आप्पा?"

"आव्वाची गाठ काढायला आणलीया. गडहिंग्लजला, डॉक्टर विजयसिंहांच्यात. आत घेतलंय तिला."

"कुठली गाठ? मांडीची? आन मला का न्हाय सांगितलं?"

"तीच. वाढलीया. तुला उगं तरास नको म्हणली ती. ते ऱ्हाऊ दे. मला एक सांग. चरबी सरकती का न्हाय?"

"म्हंजे?"

"काल तिनं दाखवली मला. म्हणली बघा की केवढी झालीया. मी हात भिजवला आन चिमटीत धरून बघितली." यावर आव्वा हसली असणार, मांडीला हात लावायला कोण तांब्यात बोटं बुडवतं? पण आप्पांचं तसंच असतं. "आपल्या बैलाच्या मानंला चरबीची गाठ व्हती न्हवं, ती ढकलली की सरकायची. ही सरकत न्हाय पोरी. खाली धरून बसलीया. वरनं मऊ लागती, पर आत दाणा हाय."

"डॉक्टरला सांगितलं काय?"

"सांगितलं की. हसले. म्हणाले, आप्पा, गुळाचं तुमी बघा, गाठीचं मी बघतो. फोटोत काय न्हाय."

मी खुर्चीत ताठ झाले. "आप्पा, कुठला फोटो? गोल बोगद्यागत मशीनमधी घातलंतं काय आव्वाला?"

"बोगदा कसला? टेबलावर पाय ठिवला, खटकन वाजलं, झालं."

"किती येळ लागला?"

"डोळा मिटूस्तवर."

चार महिने ज्या फोटोच्या भरवशावर मी निवांत होते, त्या फोटोत मांडीचं हाड होतं आणि बाकी धुकं. त्यात गाठ दिसत नव्हती, कारण त्यात ती दिसणारच नव्हती.

कुणाला घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण खोलवर बसलेली, न सरकणारी, वाढत जाणारी गाठ आली की आमच्या धंद्यात क्रम ठरलेला असतो. आधी एमआरआय, मग सुईनं तुकडा काढून तपासणी, मग चाकू. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण एखादी मांसातल्या कॅन्सरची असते, आणि ती साधी समजून कापली तर तिचे कण आजूबाजूच्या चांगल्या मांसात सांडतात. मग पुढचा डॉक्टर कितीही मोठा असला तरी त्याच्या हातात कधी कधी एकच उपाय उरतो. माझ्या टेबलावर अशी माणसं येऊन गेलीत. एक शिरोळचा तरुण मास्तर होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला एकच पाय होता.

"आप्पा, फोन आव्वाला द्या."

"ती आत हाय की."

"मग तुमी आत जावा."

"सोडत न्हाईत ग."

"आप्पा, काहील उतरायची झाली की तुमी मालकाला इचारता काय?"

फोनवर चपलांचा आवाज, दार ढकलल्याचा आवाज, आणि नर्सचं "ओ आजोबा, ओ, कुठं निघालाय!" आणि मग आव्वा.

"काय ग? हितं कापूस फिरवायल्यात आन तुझं काय मधीच?"

"भुलीची सुई टोचली काय?"

"न्हाय अजून."

"मग टेबलावरनं उतर."

"आं?"

"उतर आव्वा. मी सांगतो म्हणून उतर." आमच्याकडे बायकाही मी जातो, मी येतो असंच बोलतात. कोल्हापुरात नोकरीला लागल्यावर मी ती सवय मोडली होती. त्या दिवशी ती आपोआप परत आली.

तेवढ्यात फोन डॉक्टरांनी घेतला. विजयसिंह डॉक्टर म्हणजे आमच्या भागातलं मोठं नाव. हात चांगला, बोलणं गोड, आणि आपलं चुकतंय असं त्यांना तीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

"कोण बोलतंय?"

"संयोगिता. कृष्णात गुळव्यांची मुलगी. माझं अपेंडिक्स तुम्हीच काढलंय. डॉक्टर, आईचा एमआरआय झालेला नाही. तो होईपर्यंत गाठीला चाकू लावू नका."

"अगं, साधी चरबीची गाठ आहे. अर्ध्या तासाचं काम. असल्या हजार काढल्यात मी."

"ही सरकत नाही."

"कोण म्हणतं?"

"आप्पा म्हणतात."

ते खरोखरच हसले. "आणि तू कोण, डॉक्टर आहेस का?"

"नाही. मी मशीन चालवते."

"मग मशीन चालव. इथं माझं टेबल आहे."

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. सेंटरवरची पोरं त्याला घाबरतात. मी म्हणाले, "टेबल तुमचं आहे, मांडी माझ्या आईची आहे. तुमची खात्री आहे ना? मग 'एमआरआयची गरज नाही' एवढं सहीनिशी लिहून आप्पांच्या हातात द्या, आणि मग कापा."

त्यांचं उत्तर यायच्या आत मागून आव्वाचा आवाज आला, चांगला खणखणीत. "माझं लुगडं कुठं ठिवलंय ग बाई?"

पुढचं मला आप्पांनी नंतर सांगितलं. आव्वा टेबलावरून उतरली. दवाखान्याच्या हिरव्या गाऊनवरच तिनं लुगडं गुंडाळलं, पिशवी उचलली आणि आप्पांना म्हणाली, चला. नर्स मागून ओरडली, मावशी, गाऊन! आव्वा जिन्यावरून म्हणाली, "धुवून आणून देतो!" आणि दोघं एसटी स्टँडवर जाऊन कोल्हापूरच्या गाडीत बसली.

इकडे माईकवरून मानेचे गृहस्थ विचारत होते, "म्याडम, फोटो झाला काय?" फोटो म्हटल्याबद्दल मी पहिल्यांदाच कुणाला दरडावलं नाही.

दुपारी दोनला ती दोघं सेंटरवर आली. आव्वाच्या लुगड्याखालून गाऊनची हिरवी कड दिसत होती आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. बाकड्यावर बसून ती तिथल्या सगळ्यांना सांगत होती, की माझ्या लेकीनं मला टेबलावरनं उतरवलं. मी तिचं मंगळसूत्र काढलं, आकडे काढले. जोडवी निघेनात. पस्तीस वर्षांत ती बोटात रुतली होती. शेवटी आप्पा खाली बसले, साबण लावला आणि इतक्या सावकाश फिरवत काढली की आव्वाला कळलंही नाही.

"पाय राखायचा असंल तर जोडवी काढायला हरकत न्हाय," ती म्हणाली, आणि मग एकदम माझ्याकडे बघून, "पाय जातोय काय ग माझा?"

"अजून काय ठाऊक न्हाय."

"मग ठाऊक करून घे. पर माझं ऐक. मला दोन्ही पाय पायजेत. एकाच पायावर बसून मी सुनंच्या हातचा चहा पिणार न्हाय, आधीच सांगतो." माझ्या भावजयीच्या हातचा चहा तिला कधीच गोड लागलेला नाही.

मशीनमध्ये मी तिला स्वतः सरकवलं. कानात बोळे घातले, हातात रबराचा फुगा दिला आणि घाबरलीस तर दाब म्हणाले. ती म्हणाली, "गुऱ्हाळाशेजारी जल्म गेला, मला आवाजाचं काय भ्या?"

कन्सोलच्या खोलीत नातेवाइकांना घ्यायचं नाही असा नियम आहे, आणि तो मीच लिहून दारावर लावलाय. त्याचं कारण मशीन नव्हे, आमचं तोंड. माणसं पडदा बघत नाहीत, आमचा चेहरा बघतात. त्या दिवशी मी आप्पांना हाताला धरून आत आणलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं. ज्याच्या बोटांनी हे पहिल्यांदा ओळखलं त्याला बाहेर उभं करायला मला लाज वाटली असती.

मांडीचा आडवा काप पडद्यावर आला. मध्ये हाडाचं गोल, भोवती करडे स्नायू, त्याभोवती कातडीखालची पांढरी चरबी. आणि स्नायूंच्या आत, अगदी खोल, ती गाठ, चरबीसारखीच उजळ. जवळपास सात सेंटिमीटर. पायाच्या मोठ्या शिरेला खेटून बसलेली.

आप्पांनी नुसतं बोट उचलून पडद्यावर दाखवलं, आणि मी मान हलवली.

"आता बघा आप्पा," मी म्हणाले. "आता मी चरबी इझवणार. चरबी जिथं असंल तिथं काळं व्हणार. गाठ चरबीची असंल तर ती बी काळी व्हणार."

हा आमच्या कामातला नेहमीचा भाग आहे. यंत्राला चरबीचा उजेड तेवढा मारायला सांगता येतं. दिवसातून वीस वेळा मी ते बटण दाबते. त्या दिवशी दाबताना मी मनात अंबाबाईला म्हणाले, काळी होऊ दे, आप्पा खोटे पडू देत, मी खोटी पडू दे, सगळ्या गडहिंग्लजनं मला हसू दे. मशीन चार मिनिटं धडधडत राहिलं.

चित्र आलं. कातडीखालची चरबी काळी झाली. गाठ तशीच उजळ राहिली.

"इझली न्हाय की ग," आप्पा म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायच्या आत माईकवर आव्वाचा आवाज आला, "झालं काय?" मी माईकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "अजून हाय. हलू नको." आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या बोटांची टोकं पाकानं खरखरीत झालेली आहेत आणि ती ब्लाउजच्या कापडाला अडकत होती.

प्रियदर्शनी मॅडम आमच्याकडच्या रेडिओलॉजिस्ट. जयसिंगपूरच्या, घरी पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि आडत, घराण्यात पहिल्या डॉक्टर त्याच. बोलणं कमी. रिपोर्टमध्ये एक शब्द जास्त लिहीत नाहीत आणि लिहिलेला एक शब्द मागे घेत नाहीत. त्यांनी शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्रं काढायला सांगितली, सगळी दोनदा बघितली आणि मग आव्वा-आप्पांना समोर बसवून त्यांच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही. मला ते आवडलं.

"काकू, ही चरबी नाही. हा सार्कोमा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. म्हणजे मांसात उगवणारा कॅन्सर. खात्री सुईनं होईल. आणि सुई भलत्या ठिकाणाहून, भलत्या माणसानं घालायची नाही. जो ऑपरेशन करणार त्यानंच घालायची."

आप्पांनी विचारलं, "आन सकाळी ती कापली असती तर?"

मॅडम शब्द शोधत होत्या. आप्पांनीच त्यांची सुटका केली. "कच्चा पाक गार करायच्या वाफ्यात वतला तर परत काहिलीत घेता येत न्हाय. तसंच की?"

"तसंच," मॅडम म्हणाल्या.

आव्वानं एवढंच विचारलं, "पाय?"

"आज शीर मोकळी दिसते. खेटून आहे, पण गाठीनं तिला वेढलेलं नाही. पाय वाचायला चांगली जागा आहे."

त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. विजयसिंह डॉक्टर होते. मॅडमनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, उलट स्पीकर लावला.

"मॅडम, त्या तानाबाईंचा रिपोर्ट तुमच्याकडे असेल. 'चरबीची गाठ असू शकते' एवढी एक ओळ टाका. बाकी काय लिहायचं ते लिहा. माझ्या टेबलावरनं पेशंट उठून गेला, अख्ख्या गावात झालंय."

"डॉक्टर, गाठ स्नायूच्या आत आहे, आणि चरबी विझवल्यावर विझत नाही. जे दिसतं ते मी लिहिते. ते तुम्हालाही पाठवते."

"आणि तुमच्या त्या टेक्निशियनला जरा आवरा. फोनवर मला सही मागते!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "सही तिनं बरोबर मागितली," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आव्वा खुर्चीतून उठली. मॅडमसमोर हात जोडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "तुमच्यात चहा मिळतो काय हो? सकाळपास्नं उपाशी ठिवलंय मला."

पुढचं सगळं सांगत बसत नाही. सुईचा रिपोर्ट मॅडम म्हणाल्या होत्या तोच आला. छातीचा सीटी काढला, फुप्फुसं स्वच्छ होती. आधी पाच आठवडे किरणांचा शेक, त्यासाठी आव्वा माझ्या दोन खोल्यांत येऊन राहिली आणि शेजारणींना तिनं महिनाभरात माझ्यापेक्षा जास्त ओळखलं. शेकानं मांडीची कातडी भाजली, अन्न नकोसं झालं, एकदा ती मला म्हणाली, "मरू दे तिकडं, तोडा की पाय." मी म्हणाले, "मग सुनंच्या हातचा चहा पी बसून." ती उठून जेवायला बसली. जूनमध्ये ऑपरेशन झालं, कोल्हापुरातच, याच कामाच्या सर्जनकडे. गाठ अख्खी, भोवतीच्या चांगल्या मांसासकट निघाली. मांडीवर वितीपेक्षा लांब व्रण राहिला आणि चालताना पाय थोडा ओढतो. दर तीन महिन्यांनी तिला माझ्या मशीनमध्ये घालायचं आहे. पुढं काय होईल ते त्या त्या वेळी बघू. पाय आहे.

ऑक्टोबरमध्ये मी सुट्टी काढून माहेरी गेले होते. सकाळी आव्वानं ट्रंकेतून तो हिरवा गाऊन काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी. वर तो एक्स-रे.

"चल," ती म्हणाली. "देऊन येऊ."

"आव्वा, त्यांनी तो कवाच सोडला असंल."

"मी आणून देतो म्हणलंतं."

विजयसिंह डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. सोळा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. मी हात पुढे केला, तो तिनं झटकला. एक पायरी चढायची, ओढता पाय वर घ्यायचा, पुढची चढायची. आप्पा तिच्या मागून चढत होते. खालच्या औषधांच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती. तिनं मध्ये थांबून त्यांच्याकडे एकदा वळून बघितलं, तेवढं पुरलं.

नर्सनं तिला ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला. आवाज ऐकून डॉक्टर केबिनच्या दारात आले.

आव्वानं गाऊन टेबलावर ठेवला. "ह्यो तुमचा गाऊन. आन ह्यो तुमचा फोटो. ह्यात माझं हाड हाय, चांगलं हाय. गाठ ह्यात नव्हती. ती हितं व्हती," आणि तिनं मांडीवर हात आपटला.

डॉक्टरांनी एक्स-रे उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मी मनात तयार होते. ते काही बोलले असते तर माझ्याकडे आठ महिन्यांचं साठलेलं होतं. मी माफी मागितली नाही. त्यांनीही मागितली नाही. एक्स-रे खाली ठेवून ते आप्पांकडे वळले.

"आप्पा, सरकत नव्हती म्हणालात. बोटाला नेमकं कसं लागलं?"

आप्पांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवली. मग डॉक्टरांचा हात हातात घेतला, बाही वर केली आणि त्यांच्या दंडावर चिमूट ठेवून सांगायला लागले, की हे बघा, वरचं हे असं हलतं, आणि खालचं हे हलत नाही. डॉक्टर मान खाली घालून, गप, आप्पांची बोटं बघत होते, आणि दारातली नर्सही पुढे होऊन बघत होती.

बाहेर बाकड्यावर सातआठ पेशंट होते. डॉक्टरांना तेव्हा कुठं भान आलं. त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून आव्वापुढे केली. "मावशी, बसा की. उभ्या का?"

"न्हाय बसत," आव्वा म्हणाली. "पाय हाय की."

आणि ती जिन्याकडे वळली.